खारेपाटातल्या शेतावर पहिली शिवारफेरी ठेवताय? आधी भरती बघा, मग पाहुण्यांना बोलवा

पेण-अलिबागच्या खारेपाटात, म्हणजे खाडीलगत बांध घालून राखलेल्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, ज्यांची खाडीला लागून शेती आहे, बांधाबाहेरचं तिवर (कांदळवन) ज्यांनी राखलंय, उंदराचं विष बंद केलंय, तळ्यावर बदकं उतरतात म्हणून संध्याकाळी तिकडे बॅटरी मारायची पण बंद केलीय, अशा लोकांना कधी ना कधी वाटतंच की एक दिवस सगळ्यांना बोलवून हे दाखवावं. ब्रिटनमध्ये २००६ पासून जून महिन्यातल्या एका रविवारी शेतकरी आपापली शेतं लोकांसाठी उघडी ठेवतात, ओपन फार्म संडे म्हणतात त्याला. आपल्याकडे कृषी विद्यापीठांची शिवारफेरी असते पण ती वाण आणि औजारं बघायला, शेतकऱ्यांसाठी. इथे जे सांगतोय ते या दोघांच्या मधलं काहीतरी आहे, गावातले लोक, शाळेतली पोरं, चार-दोन मुंबईचे, सकाळी यायचं, बघायचं, जेवायचं, घरी जायचं. रिसॉर्ट नाही, कृषी पर्यटन नाही, मुक्काम नाही. तुम्ही पहिल्यांदाच करत असाल तर पुढचं वाचा, सगळं जसंच्या तसं करायलाच पाहिजे असं काही नाही.

कोणाला बोलवायचं

हे आधी ठरवा कारण यावर बाकीचं सगळं अवलंबून आहे. माझं मत स्पष्ट आहे, पहिली तुकडी गावातली असली पाहिजे. शेजारचे शेतकरी, बाया, जिल्हा परिषदेच्या शाळेतली पोरं, मास्तर, खाडीत जाळं टाकणारे. मुंबई-पुण्याचे पाहुणे हौशी असतात, फोटो चांगले काढतात, पण त्या शेतातल्या कोल्ह्याला मारायचं की जगू द्यायचं हे शेवटी शेजारचा ठरवणार आहे, दादरचा माणूस नाही. शेजारच्याला बोलावलंच नाही आणि बाहेरच्यांच्या गाड्या त्याच्या बांधावरून गेल्या की पुढच्या वर्षी तो वाट अडवणार, आणि बरोबरच करणार.

संख्या पहिल्या वर्षी ४० च्या वर नको. दहा-बारा जणांचा गट आणि प्रत्येक गटामागे गावातला एक जण, म्हणजे तीन-चार जण मदतीला लागतात. हे लोक पक्षीतज्ज्ञ असायची गरज नाही, उलट नसलेलेच बरे, कारण तज्ज्ञ माणूस एका चिखल्या पक्ष्यापाशी वीस मिनिटं थांबतो आणि मागची पोरं तोवर चिखलात उतरलेली असतात. एखादा दुर्बीणवाला ओळखीचा असेल तर त्याला एका जागी स्टुलावर बसवून ठेवा, गट त्याच्याकडे येतील.

तारीख

लोक काय करतात, आधी रविवार धरतात, पाहुण्यांना विचारतात, मेसेज टाकतात, आणि मग त्या दिवशी सकाळी नऊ वाजता खाडी तुडुंब भरलेली, चिखल सगळा पाण्याखाली, पक्षी कुठेतरी लांब तिवरात बसलेले. खाडीकाठच्या शेतावर दिवस भरती ठरवते. तारीख भरती बघून धरली की फेरीची वेळ, वाट, जेवण सगळं आपोआप बसतं.

आधी महिना. पावसाळ्यात बांध निसरडा असतो, लावणीच्या वेळी कोणाला पाहुण्यांसाठी वेळ नसतो, भात कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरला उरकते. मार्चनंतर ऊन, शिवाय टिटव्या उघड्या जमिनीवर अंडी घालायला लागतात आणि ती अंडी पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. म्हणून जानेवारी ते फेब्रुवारीची सुरुवात ही खरी वेळ. उत्तरेकडून आलेले पाहुणे पक्षी असतात, वालाला शेंगा धरलेल्या असतात, हवा बरी असते. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, आपल्याकडे १९८७ पासून चालू आहे, तिच्या दिवसांत तुमची फेरी बसली तर तुमच्या तळ्यावरचे आकडे पण त्यात देता येतात. एकतीस डिसेंबरच्या आसपासचा आठवडा मात्र टाळा, त्या दिवसांत अलिबागच्या रस्त्यावर आणि मांडव्याच्या जेट्टीवर काय गर्दी असते ते सांगायला नको.

आता दिवस. आपल्याकडे जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमा किंवा अमावस्येनंतर प्रतिपदा एक, द्वितीया दोन असं मोजायचं. द्वितीया म्हणजे दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्याच्या साधारण सव्वासहा तास आधी, म्हणजे सव्वासातला पूर्ण ओहोटी. चतुर्थीला हेच तीन वाजता भरती आणि पावणेनऊला ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती म्हणजे ओहोटी भर दुपारी, तेव्हा चिखल उघडा असतो पण उन्हात त्याच्यावर सगळं थरथरतं आणि लांबचं काही नीट दिसत नाही. आपल्याला काय पाहिजे, सकाळी चिखल उघडा पाहिजे आणि दुपारपर्यंत पाणी चढलेलं पाहिजे, दोन्ही बघायला मिळतं. म्हणजे पौर्णिमा-अमावस्येनंतर द्वितीया ते चतुर्थी यातला जो रविवार येईल तो धरा. भांगाच्या दिवसांत पाणी फार चढत-उतरत नाही, त्यामुळे दाखवायला पण काही राहत नाही, उधाण, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येची मोठी भरती, ओसरत असतानाचे हेच दिवस चांगले.

हा झाला अंदाज. पक्की वेळ छापील भरतीच्या तक्त्यावरून घ्या, आणि तक्ता मुंबई बंदराचा असतो हे विसरू नका, तुमचं शेत खाडीत जेवढं आत तेवढी भरती उशिरा पोचते. किती उशिरा हे कोणत्याच अ‍ॅपवर मिळणार नाही, तुमच्या उघाडीपाशी (बांधातून पाणी बाहेर सोडायची झापांची मोरी) रोज जो जाळं लावतो त्याला विचारा, तो मिनिटात सांगेल.

परवानगी म्हणण्यापेक्षा सांगणं

शेत तुमचं असलं तरी बांध सगळ्यांचा असतो. खारबांध फुटला की एकाचं शेत जात नाही, अख्ख्या खाराचं, म्हणजे त्या बांधाआडच्या सगळ्यांचं जातं, म्हणून बांधावर चाळीस माणसं चालवणार असाल तर खारातल्या बाकीच्यांना आधी घरी जाऊन सांगायचं. फोनवर नाही, घरी जाऊन. बांध सरकारी योजनेतला असेल तर खारभूमी खात्याच्या माणसाला पण कानावर घाला. ग्रामपंचायतीत सरपंचांना सांगून ठेवा. आणि जाळंवाल्याला नक्की, कारण तुमची माणसं त्याच्या उघाडीवर उभी राहून फोटो काढणार आणि त्याची कोळंबी बघून पोरं ओरडणार. त्याला त्या दिवशी पाहुणा करा, नाहीतर मार्गदर्शक, त्याच्याइतका चांगला मिळत नाही, दोनपैकी एक.

तिवर तोडून वाट करायची नाही. अगदी एक फांदी पण नाही. २०१८ साली मुंबई हायकोर्टाने राज्यभर कांदळवन तोडीवर बंदी घातलेली आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी ज्या गोष्टीचं कौतुक सांगायला लोकांना बोलावलं तीच तोडून त्यांना आत न्यायचं हे बरं दिसत नाही.

वाट

आठवडाभर आधी दोनदा चालून बघा, एकदा ओहोटीला, एकदा भरतीला. वाट गोल असावी, गेलेल्या रस्त्याने परत यायला लागलं की बांधावर दोन गट समोरासमोर येतात आणि एकाला उतारावर उभं राहायला लागतं. एक-दीड किलोमीटर पुरे. म्हातारी माणसं असतात, लहान पोरं असतात.

मी वाट अशी लावतो, आधी वरची गोडी जमीन, मीठ नसलेली, जिथे वाल आहे, मग तळं, मग खालची खार जमीन, मग बांधावरून खाडीचा चिखल, शेवटी उघाडी आणि तिथून जवळ जेवण. पण सकाळी लवकर आलेल्या पहिल्या गटाला उलटं न्या, आधी सरळ बांधावर, कारण आठ-साडेआठला चिखल उघडा असतो आणि ऊन तिरपं असतं. नंतर पाणी चढायला लागलं की पक्षी पाण्याच्या पुढे पुढे सरकत बांधाजवळ येतात, म्हणून दुसऱ्या गटाला ते आणखी जवळून दिसतात, त्यांचं काही नुकसान होत नाही.

काय दाखवायचं नाही हे पण वाट आखतानाच ठरवा. कोल्ह्याचं बीळ माहीत असेल तर वाट तिथून नको, आणि ते आहे हे सांगायचं पण नाही. गव्हाणी घुबड ज्या पडक्या खोलीत बसतं ती खोली त्या दिवशी बंद. लोकांना वाईट वाटतं, एखादा हळूच विचारतो पण, की जरा दाखवा ना. नाही म्हणायचं. घुबडाबद्दल गावात अजून काय काय समजुती आहेत ते तुम्हाला माहितीय, जागा चार लोकांना कळली की चाळीस लोकांना कळते.

बांधाच्या कडेला जिथे घुशीने पोखरलंय तिथे काठी रोवून लाल फडकं बांधा. ती जागा लपवू नका, थांबून दाखवा, त्यावर पुढे बोलूच.

उघाडी, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

खारेपाटातली शेती म्हणजे काय हे उघाडीपाशी कळतं, बाकी कुठेच नाही. तरी लोक तिथे पाच मिनिटं थांबतात आणि पक्ष्यांमागे तासभर घालवतात. उलट करा.

ओहोटीला खाडीकडच्या बाजूला उतरून बघितलं तर दिसतं, बांधातून काढलेली मोरी आणि तिच्या बाहेरच्या तोंडावर लाकडाची झापं, वरून बिजागरीवर लटकवलेली. खाडीचं पाणी खाली गेलं की आतल्या पाण्याच्या दाबाने झाप बाहेर ढकललं जातं आणि शेतातलं पाणी निघून जातं. भरती आली की बाहेरचं पाणीच झाप आत दाबतं, ते मोरीच्या तोंडावर बसतं आणि खारं पाणी आत येत नाही. मोटर नाही, माणूस नाही, वीज नाही. फळीच्या कडेला चिखल आणि शिंपल्या चिकटलेल्या असतात, एखाद्या फटीतून पाणी पिचकारीसारखं आत येत असतं, आणि त्या फटीसमोर आतल्या खड्ड्यात बोयट माशाची बारकी पिल्लं जमलेली असतात. पोरांना ती दाखवा, हात घालू देऊ नका.

आता हेच दुपारी बारा-साडेबाराला परत दाखवा. सगळ्यांना बांधाच्या माथ्यावर उभं करा, तोंड समुद्राच्या दिशेला, एका बाजूला खाडी बघा म्हणावं, दुसऱ्या बाजूला शेत. खाडीचं पाणी शेतापेक्षा वर असतं. अख्खं शेत, भाताची खुंटं, चरणारी गुरं, सगळं पाण्याच्या पातळीच्या खाली आणि मध्ये फक्त हा मातीचा बांध. जे दहा मिनिटांच्या भाषणात समजत नाही ते तिथे उभं राहून लगेच समजतं, आणि मोठी माणसं पण गप्प होतात. मग सांगा की खांड पडली, म्हणजे बांधाला भगदाड पडलं, की काय होतं, एका उधाणात खारं पाणी आत शिरतं आणि जमिनीतलं मीठ धुऊन निघायला पुढचे पावसाळे घालवावे लागतात.

तिथूनच बाहेरच्या तिवराकडे बोट दाखवा. लाट आधी त्याच्यावर फुटते, मग बांधाला लागते. म्हणून ते राखायचं. पांढरी चिप्पी असेल तर सांगा की २०२० साली तिला राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून दर्जा मिळालाय, शाळेतल्या पोरांना असलं लक्षात राहतं. निवट्या (चिखलावरचे मासे) चिखलावर उड्या मारताना दिसल्या की मात्र कोणी ऐकत नाही, त्या आधी बघू द्या.

मीठ, भात आणि रिकामं शेत

जानेवारीत खार जमीन ओसाड वाटते आणि शहरातला माणूस विचारतोच, इथे काहीच का लावलं नाही. त्याला खाली बसवून जमीन जवळून दाखवा. भेगांच्या कडेला पांढरट पापुद्रा असतो. पावसाने मीठ खाली धुतलेलं असतं म्हणून भात होतं, पाऊस संपला की जमीन सुकते तसं खालचं पाणी वर चढतं आणि येताना मीठ घेऊन येतं. म्हणून एकच पीक. भात पण कोणतंही चालत नाही, राता सारखे जुने वाण किंवा पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने काढलेले पनवेल नावाचे वाण. घरात जुन्या भाताचं बियाणं असेल तर एका सुपात काढून ठेवा, लाल तांदूळ हातात घेऊन बघायला लोकांना आवडतं.

आणि ते शेत रिकामं नसतं हेच तर दाखवायचंय. कापणीची खुंटं तशीच ठेवली, जाळली नाहीत, तर त्यात किडे राहतात, किड्यांवर बगळे आणि टिटव्या, उंदरांवर भोवत्या नावाचा शिकारी पक्षी. भोवत्या शेतावरून खालून संथ गिरक्या घेत जातो, एकदा ओळखला की परत चुकत नाही. मध्ये मध्ये रोवलेले पक्षीथांबे दाखवा, साधी टी आकाराची काठी असते, पोरं विचारतात हे कशाला, मग सांगा दिवसा कोतवाल बसतो, रात्री घुबड.

तळ्यावर टिबुकली, वारकरी, हळदीकुंकू बदक. नावं ऐकूनच लोक खूश होतात. तळ्यात जिताडा मासा असेल तर पाहुण्यांपैकी निम्मे तिथेच अडकणार हे धरून चला, कधी काढणार, काय भाव, ऑर्डर घेता का. घ्या ऑर्डर, त्यात काय.

अवघड प्रश्न येतील, येऊ द्या

मला सगळ्यात जास्त राग येतो तो सगळं गोड गोड सांगण्याचा. जणू शेतकरी आणि प्राणी एकत्र गाणी म्हणतायत. असं नसतं आणि समोर बसलेल्या शेजाऱ्यांना ते पक्कं माहीत असतं, तुम्ही तसं बोललात की त्यांचं लक्ष गेलंच.

घूस बांध पोखरते. खेकडे पण पोखरतात. ते भोक उधाणाला मोठं होतं आणि तिथून खांड पडते. मग घूस मारायची का. लाल फडकं बांधलेल्या जागी उभं राहून हे बोला. विष टाकलं तर विष खाल्लेली घूस किंवा उंदीर घुबड खातं आणि घुबड मरतं, धामण मरते, मग पुढच्या वर्षी उंदीर दुप्पट. म्हणून पिंजरे, बिळं खणून माती ठोकून बुजवणं, दर उधाणानंतर बांधावर फेरी. यात अंगमेहनत जास्त आहे, हे पण सांगा.

पाणकावळे तळ्यातली मासळी खातात. तळ्यावर बारीक नायलॉनचं जाळं टाकलं तर पक्षी अडकून मरतात, नाही टाकलं तर जिताड्याची पिलं जातात. मधला मार्ग म्हणजे पिलं मोठी होईपर्यंत तळ्याच्या एका कोपऱ्यात जाड धाग्याच्या जाळ्याखाली ठेवायची आणि बाकी तळ्यावर अंतरा-अंतराने दोऱ्या बांधून त्यावर पट्ट्या लावायच्या. नुकसान शून्यावर येत नाही, कमी होतं.

आणि तिवराचा प्रश्न. कोणीतरी शेजारी हा काढणारच आणि तो खरा आहे. बांध फुटला, वेळेत दुरुस्त झाला नाही, खारं पाणी वर्षानुवर्षं आत येत राहिलं की शेतातच तिवर उगवतं. मग ते कांदळवन म्हणून धरलं जातं आणि शेतकऱ्याला स्वतःच्या सातबाऱ्यावरच्या जमिनीत काही करता येत नाही. त्याला तुम्ही पर्यावरणाचं महत्त्व सांगायला लागलात तर तो उठून जाईल. बांधाबाहेरचं तिवर राखायचं आणि बांध वेळेत दुरुस्त व्हावा म्हणून एकत्र भांडायचं, या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात बोला. हाच पट्टा आहे जिथे चरीचा शेतकरी संप १९३३ पासून सहा-सात वर्षं चालला, नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने, खोतांविरुद्ध. इथल्या माणसाला जमिनीवरून कोणी शिकवायला गेलेलं चालत नाही, पाहुण्यांना हे आधीच कानात सांगून ठेवा.

पोपटी

जानेवारीत खारेपाटात माणसं बोलावली आणि पोपटी लावली नाही तर लोक नाव ठेवतील. ज्यांनी कधी लावली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मातीचं मडकं, तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ-ओवा, मध्ये बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन केळीच्या पानात गुंडाळून, परत शेंगा, आणि तोंडाला भांबुर्डी गच्च कोंबायची. पाणी थेंबभर पण नाही. मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा-पाटे पेटवायचे, अर्धा-पाऊण तास. झाली का बघायला मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारतात, चर्रकन आवाज आला की झाली. खरं तर हा रात्रीचा कार्यक्रम, पण दुपारी लावली म्हणून कोणी तक्रार करत नाही. शाकाहारी लोकांचं मडकं वेगळं, त्यावर चुन्याने खूण करा नाहीतर राखेतून काढताना सगळी मडकी सारखीच काळी.

जाळ बांधापासून आणि सुक्या गवतापासून लांब, वाऱ्याची दिशा बघून, बाजूला पाण्याच्या दोन बादल्या. पेटवायची वेळ उघाडीच्या दुसऱ्या फेरीच्या आधी, म्हणजे लोक बांधावरून परत येईपर्यंत मडकं उतरलेलं असतं. जोडीला तांदळाच्या भाकऱ्या आणि ताक. ताटं म्हणून पत्रावळी किंवा केळीची पानं, ग्लास स्टीलचे, भाड्याने मिळतात. प्लास्टिकच्या बाटल्यांचा क्रेट आणलात तर दुसऱ्या दिवशी त्यातल्या चार तरी तिवरात सापडणार, लिहून ठेवा.

बाकीची फुटकळ पण महत्त्वाची कामं

संडासची सोय. बायकांसाठी नक्की, दार नीट बंद होणारं, पाणी भरलेलं. यावर फार लिहित नाही पण यावाचून बाया तासाभरात घरी जातात आणि कारण सांगत नाहीत.

गाड्या गावाच्या पटांगणात, शेतावर नाही. चालत या.

सापाचं. थंडीत सकाळी धामण, दिवड उन्हाला येऊन बसतात, ओरडायचं नाही, थांबायचं, तो जातो. पण घोणस, फुरसं, नाग, मण्यार हे चारही कोकणात आहेत म्हणून सगळ्यांच्या पायात बूट आणि वाट सोडून गवतात कोणी शिरायचं नाही. सर्पमित्राचा नंबर आधीच घेऊन ठेवा, अ‍ॅम्ब्युलन्स १०८, आणि प्रतिसर्पविष कुठल्या दवाखान्यात आहे ते आदल्या दिवशी फोन करून विचारा, असेलच असं धरून चालू नका. जखमी पक्षी-प्राणी सापडला तर वनविभागाचा १९२६. कोणी चावलं-कापलं तर मांत्रिक वगैरे काही नाही, सरळ गाडी.

पोरांसाठी एक काम द्या, नाहीतर ती आपलं काम शोधतात. पांढऱ्या परातीत तळ्याचं तांब्याभर पाणी आणि एक भिंग, किती हलणारे जीव दिसतात ते मोजा आणि चित्र काढा. झालं की पाणी परत तळ्यात, पोरांच्याच हाताने. हे टेबल सावलीत लावा, गरम पाण्यात जीव मरतात.

पैसे. माझ्या मते पहिल्या वर्षी फेरी फुकट, जेवणाचे पैसे बाहेरच्यांकडून घ्या, गावातल्यांकडून नाही. शेवटी एका पाटावर लाल तांदूळ, वाल, सुकी कोळंबी, जे घरचं असेल ते विकायला ठेवा, वजनकाटा आणि क्यूआर कोड लावून. अलिबागचा पांढरा कांदा लोक मागतील, पण त्याच्या माळा खऱ्या यायला पुढचे महिने लागतात, बाजारातून आणून घरचा म्हणून विकू नका, अलिबागकर लगेच ओळखतो.

आदल्या आठवड्यात पाठवायचा मेसेज

कोणीतरी विचारतंच की ग्रुपवर काय टाकू, म्हणून साधारण असं टाका, तुमच्या भाषेत फिरवून घ्या:

"नमस्कार मंडळी, रविवारी आपल्या खारातल्या शेतावर शिवारफेरी आहे. सकाळी ८ ला देवळापाशी जमायचं, गाड्या पटांगणात. वेळ भरतीवर ठरवलीय त्यामुळे उशीर झाला तर चिखलावरचे पक्षी गेलेले असतील, आम्ही पण काही करू शकणार नाही. बूट घाला, चपला नको. कपडे मातकट रंगाचे, पांढरे-भडक नको. टोपी, पाण्याची बाटली भरून. स्पीकर, ड्रोन, फटाके नाही. कुत्रा घरी ठेवा, कितीही शहाणा असला तरी. फोटो काढा पण घरटं, बीळ, पिल्लं दिसली तर जागा टाकू नका आणि लोकेशन बंद ठेवा. पोरांना आणा. दुपारी पोपटी आहे, शाकाहारी असाल तर आत्ताच सांगा. २ पर्यंत मोकळे."

ड्रोनचं मुद्दाम लिहा. नाही लिहिलं तर कोणीतरी आणतोच, आणि एकदा तो उडाला की चिखलावरचं सगळं उठून पलीकडच्या काठाला जातं.

पाऊस पडला किंवा ढग आले तर फेरी रद्द करू नका, पण बांध ओला असेल तर बांधावरची फेरी रद्द करा. ओल्या बांधावर चाळीस माणसांचे पाय म्हणजे माती घसरलीच. तशा वेळी गोडी जमीन, तळं आणि पोपटी, उघाडी फक्त लांबून.

संपल्यावर

लोक गेले की त्याच दिवशी उजेड आहे तोवर बांधावरून चाला. पायाने कुठे कड ढासळली का, कोणी शॉर्टकट मारून उतारावर वाट पाडली का ते बघा आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच माती टाकून ठोकून घ्या. पुढचं उधाण दोन आठवड्यांत येतं, तोवर माती बसली पाहिजे. शेंगांची टरफलं गुरांना, राख वालाच्या वाफ्यात, लाल फडकी काढून घरी. पक्ष्यांची यादी दुर्बीणवाल्याकडून संध्याकाळीच लिहून घ्या, दोन दिवसांनी त्याला निम्मं आठवत नाही, आणि ती ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाकायला सांगा, जागा शेताची टाकली तरी चालते, फक्त घुबडाची नोंद त्यात नको.

जाळंवाल्याला, भाकऱ्या करणाऱ्या काकींना आणि गट घेऊन फिरलेल्या पोरांना त्याच आठवड्यात एकदा घरी बोलवा आणि कुठे गर्दी झाली, कोण रुसलं, काय कमी पडलं ते विचारून वहीत लिहून ठेवा. पुढच्या जानेवारीतला द्वितीयेचा रविवार कधी येतो ते पण त्याच पानावर.